रिकाम्या खोलीचा नमुना

हे मशीन उद्यापासून तू सांभाळणार आहेस, म्हणून सांगते. मी आत बसणार, तू इथे बाहेर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची ती जुनी खोड आहे. काम करून ठेवायचं, कारण लिहून ठेवायचं नाही, आणि आपण विचारलं तर "चालतंय ना? मग झालं तर," म्हणून आपल्यालाच गप्प करायचं. मी तसं करणार नाही. बस. तो छोटा दिवा राहू दे, मोठी ट्यूब लावू नकोस. ट्यूब गुणगुणते आणि माइकला ते लगेच कळतं.

सोमवारची गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला आत्याचा फोन आला.

"अगं, मशीन माझे शब्द खातंय," ती म्हणाली.

तिचा आवाज त्या दिवसांत इतका बसला होता की मला आधी वाटलं, फोनच खराब आहे. तिच्या घशात गाठ होती आणि गुरुवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि एवढंच विचारलं, "गुरुवारपर्यंत बोलू ना?" कारण तिचं एक पुस्तक व्हायचं होतं. समुद्रप्रवासाची जाडजूड कादंबरी, एक्केचाळीस प्रकरणांची. अडतीस झाली होती, तीन उरली होती.

उरलेली तीन दुसऱ्या कुणी वाचली तर काय आकाश कोसळणार आहे, असं मी तिला म्हटलंही होतं. त्यावर ती म्हणाली, "तुला नदीच्या मधोमध नेऊन होडीवाला बदलला, तर चालेल?"

बावीस वर्षं ती या तळघरात अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचत होती. जिन्याखालच्या दारातून सात पायऱ्या उतरल्या की ही बाहेरची खोली आणि काचेपलीकडे ती आतली. भिंतींना टाकून दिलेले गालिचे ठोकलेत, खिडकी नाही. रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा वरचं वाचनालय बंद असतं आणि रस्त्यावरचे ट्रकही थांबतात. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी इथे खाली दिवसाची कुठली वेळ आहे ते कळत नाही. गालिच्यांची धूळ, जुना कागद आणि तापलेला दिवा, यांचा मिळून एक वास येतो. त्या वासात त्या दिवशी आणखी काहीतरी होतं. फार वेळ तोंड मिटून बसलेल्या माणसाने पहिला शब्द बोलावा, तेव्हा येतो तसला वास. मला वाटलं, आत्याच्या औषधाचा असेल.

आत्या खुर्चीत बसून चहात फुंकर घालत होती. "आलीस? बघ तुझ्या त्या लिनक्सचं काय बिनसलंय."

"माझं कशाला? पडदेकाकांचं."

पडदेकाका म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ. आयुष्यात माउसला हात न लावलेला माणूस. सगळं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून करायचे, म्हणून आम्ही पोरं त्यांना पडदेकाका म्हणायचो. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हे मशीन लावून दिलं आणि बजावून गेले, याला हात लावायचा नाही. कुणी लावलाही नाही. अकरा वर्षांत एक अपडेट नाही! कॉलेजात मला असल्या मशीनबद्दल कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, संग्रहालयात ठेवा.

मी हेडफोन लावून शनिवारचं रेकॉर्डिंग ऐकलं. आत्याचं वाचन चाळणीतून गळाल्यासारखं झालं होतं. "जहाजाच्या" आणि मग काही नाही. "उभा राहून त्याने" आणि पुन्हा काही नाही. शब्द अडखळलेले नव्हते. ते कुणीतरी अलगद उचलून नेले होते. मागे साधी खरखरसुद्धा उरलेली नव्हती.

केबल बदलली. माइक बदलला. ड्रायव्हर तपासला. मग मी स्वतः आत जाऊन दहा वाक्यं वाचली, ती स्वच्छ आली, एक अक्षर गळलं नाही. आत्याने तीच दहा वाक्यं वाचली. निम्मी गायब.

"म्हणजे मशीनला मीच नकोय," आत्या म्हणाली.

"मशीनला आवडनिवड नसते, आत्या."

"तुझं लग्न झालेलं नाही अजून. तुला काय कळणार कुणाला कशाची आवडनिवड असते."

मी जुन्या फाइली काढल्या. वर्षाच्या सुरुवातीच्या ठणठणीत होत्या. दोन महिन्यांनंतर पानाला एखादा शब्द गळायला लागलेला. पुढे ओळीला एक. जसजसा तिचा आवाज बसत गेला, तसतशी भोकं वाढत गेली होती.

मग मी जे आपण सगळेच करतो ते केलं. लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. तिथली मंडळी तुला माहीत आहेत. पहिलं उत्तर 'खवट' या सद्गृहस्थाचं, "आधी लॉग टाका. लॉगशिवाय प्रश्न म्हणजे तोंड मिटून दात दाखवणं." मशीनच्या नोंदींचा तो लॉग टाकला. मग 'बुरशी' नावाचा एकजण अवतरला, "अजून ही जुनी ध्वनिप्रणाली वापरता? दोन पिढ्या मागे आहात." त्यावर खवट उसळला, "जुनीच बरी, नवी रोज सकाळी उठून मोडते." बुरशी म्हणाला, "न वाचता सेटिंग करणाऱ्यांची मोडते." अर्ध्या तासात चाळीस निरोप आले. जुनं की नवं, हाताने लिहिलेली फाइल की आपोआप बनलेली, कुणी कुणाला केव्हा काय म्हटलं होतं... आणि माझा प्रश्न त्या ढिगाऱ्याखाली. शेवटी कुणीतरी नेहमीचा रामबाण सोडला, "सगळं पुसा आणि नव्याने टाका."

मी तेच करणार होते. हात शिवशिवत होते माझे. तेवढ्यात खाली एक निरोप आला. पडदेकाकांचा. चार वर्षं ग्रुपमध्ये एक शब्द न बोललेले पडदेकाका.

"शेवटून तिसरी ओळ काढू नका."

बस्स. ना नमस्कार, ना कारण.

मी मशीनच्या सेटिंगची ती कॉन्फिग फाइल उघडली. शेवटून तिसरी ओळ गाळणीची होती. हे नीट समजून घे, तुला लागणार आहे. खोली रिकामी असताना दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्यायचं. पंख्याची घरघर, वायरींची गुणगुण, जे काय असेल ते. मग मशीनला सांगायचं, यापुढे या नमुन्यासारखं जे जे ऐकू येईल ते वजा कर. उरतो तो वाचणाऱ्याचा आवाज. यात विशेष काही नाही, सगळे करतात. नमुन्याच्या फाइलचं नाव होतं 'रिकामी-खोली', तारीख अकरा वर्षांपूर्वीची. वर एक टीप, फक्त दोन शब्दांची. काढू नका.

माझी सटकली. मी काकांना फोन लावला.

"काका, ती ओळ कशाची आहे?"

"गाळणीची."

"ते दिसतंय मला. नमुना कशाचा आहे?"

"रिकाम्या खोलीचा. नाव वाचता येतं ना?"

"मग मी नवीन नमुना घेते. अकरा वर्षांत पंखा बदलला, माइक बदलला..."

"घेऊ नकोस."

"का पण?"

"चालतंय ना?"

"नाही चालत! म्हणून तर फोन केलाय!"

काकांचा आवाज एकदम उतरला. "तिचा घसा बसलाय का गं?"

आत्याच्या आजाराचं घराबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. "गुरुवारी ऑपरेशन आहे."

"मग जुळायला लागला असणार," काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला वाटलं होतं, अजून वेळ आहे."

"काय जुळायला लागलं?"

त्यांनी फोन ठेवून दिला.

असलं अर्धवट बोलून ठेवणाऱ्या माणसांचा मला इतका राग येतो ना! त्याच रागात मी तो नमुना शोधून काढला आणि हेडफोन लावून ऐकला. आत्या तोवर वर गेली होती, डोळा लागला तर लागला म्हणून. मी एकटीच होते.

आधी पंखा. जुना पंखा, तीन पात्यांचा, एक पातं किंचित घासणारा. त्याच्याखाली वायरींची गुणगुण. आणि त्याच्याही खाली...

मी आवाज वाढवला.

कुणीतरी वाचत होतं. शब्द कळत नव्हते, पण वाचन कळत होतं. बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पुरा. बाईचा आवाज, कोरडा, खोल, घासलेला. सातव्या सेकंदाला पान उलटल्याचा आवाज आला. दहाव्याला नमुना संपला.

मी स्वतःला समजावलं. वरून आला असेल. रेडिओ असेल. काकांनी दार नीट लावलं नसेल. मग मी आत्याने मघाशी वाचलेल्या दहा वाक्यांचं रेकॉर्डिंग घेतलं, गाळणीत शिरण्याआधीचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी वाजवली. आजची आत्या आणि अकरा वर्षांपूर्वीची रिकामी खोली.

कुठला कुठला ते मला सांगता येईना.

म्हणजे मशीनमध्ये काही बिघाडच नव्हता. ते आपलं काम इमानदारीने करत होतं. आत्याचा आवाज त्या आवाजासारखा होत चालला होता, आणि मशीन त्याला सांगितलं होतं त्याप्रमाणे तो वजा करत होतं.

घाबरले का? नाही, त्या वेळी नाही. त्या वेळी मला प्रश्नाचं उत्तर सापडल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदात माणूस फार मूर्ख असतो. आपल्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे मी ओळ पुसली नाही. तिच्यासमोर फक्त एक खूण टाकली, म्हणजे मशीन तिच्याकडे दुर्लक्ष करतं. मशीन पुन्हा चालू केलं. झालं काम. ग्रुपवर मोठ्या दिमाखात लिहिलंसुद्धा, "प्रश्न सुटला." कसा सुटला ते मात्र लिहिलं नाही. कसं लिहिणार होते?

मंगळवारी दोन वाजता आत्या आत बसली. दिवा लावला, चष्मा पुसला, एकोणचाळिसावं प्रकरण उघडलं. मी काचेच्या अलीकडे, हेडफोन लावून. तिने वाचायला सुरुवात केली. एकही शब्द गळला नाही. घासलेला का होईना, अख्खा आवाज. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पानभर तसंच गेलं. मग मला पडसाद ऐकू यायला लागला. प्रत्येक शब्दाला एक बारीक सावली. गालिचा कुठेतरी सुटला असेल, मी मनात म्हटलं, उद्या ठोकून घेऊ.

मग माझ्या लक्षात आलं. पडसाद मागून येतो.

हा पुढे होता.

आत्याच्या प्रत्येक शब्दाआधी, अर्ध्या शब्दाने आधी, तोच शब्द कुणीतरी उच्चारत होतं. तिच्याच सुरात, तितक्याच कोरडेपणाने. आत्या 'वादळ' म्हणायच्या आत 'वाद' होऊन गेलेलं असायचं. मी हेडफोन काढले. काचेतून फक्त आत्या ऐकू येत होती. पुन्हा लावले. दोघी.

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि आत गेले. दिव्याच्या उजेडात आत्या, पुस्तक, पाण्याचा पेला. कोपऱ्यात अंधार होता, पण नुसताच अंधार. तो मिटल्या तोंडाचा वास मात्र इथे दाट होता.

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काढलीस ना ती ओळ?"

"तुला... माहीत होतं?"

"बस खाली. आधी पाणी पी."

"आत्या, तुला ऐकू येतं ते?"

"पहिल्या दिवसापासून." ती हळू बोलत होती, घसा जपत. "तेव्हा फार लांबून यायचं. मला वाटायचं, माझेच भास. मग रेकॉर्डिंगमध्ये उमटायला लागलं, तेव्हा पडदेकाकांना बोलावलं. ते एकटे इथे तासभर बसले. बाहेर आले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, एक ओळ लिहिली आहे, आता येणार नाही. नाहीच आलं मग."

"आणि तुम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही? अकरा वर्षं?"

"सांगून काय केलं असतं? अमुक खोलीत कुणीतरी वाचतं, म्हणून वाचणं बंद ठेवायचं? लोक पुस्तकांची वाट बघत होते. तिने कधी त्रास दिला नाही, गं. ती तिचं वाचते, मी माझं."

"ती... कोण?"

"विचारलं नाही कधी."

बघ, ही असली माणसं! माझ्या अंगावर काटा आणि हिच्या तोंडावर जणू शेजारणीच्या चौकशीला उत्तर दिल्याचा भाव. मी तिथल्या तिथे दिवा बंद केला आणि तिला हाताला धरून वर आणलं. इथे आता एक ओळ वाचायची नाही, म्हटलं. माझ्या खोलीवर कपड्यांचं मोठं कपाट आहे. त्याला आतून गोधड्या लावू, माझा लॅपटॉप आहे, चांगला माइक आहे. उरलेलं तिथे उरकू.

आत्या हो म्हणाली. वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं.

संध्याकाळी तिला कपाटात स्टुलावर बसवलं. पुस्तक उघडलं. तिने तोंड उघडलं आणि हवा बाहेर आली. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. दोन शब्द फुटले, तिसऱ्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तीन ओळी, पाऊण तास. शेवटी रुमालावर रक्ताचा ठिपका पडला तेव्हा मीच माइक बंद केला.

"दुपारी तर पानभर वाचलंस," मी म्हटलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "दुपारी ती पुढे होती ना... पुढे कुणी असलं की चालवतं."

बुधवार उजाडला. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. ओळ चालू ठेवली तर पुस्तकातून आत्या जाणार. ओळ बंद ठेवली तर आत्याबरोबर तीही येणार. तिसरी वाट म्हणजे पुस्तक अर्धवट सोडणं, ती आत्याने ऐकूनच घेतली नाही. "दोघी तर दोघी," ती म्हणाली. "लोकांना गोष्टीशी मतलब."

दोन वाजता आम्ही सात पायऱ्या उतरलो. त्या दिवशी वेळ पाळायची नाही, संपेपर्यंत वाचायचं, असं ठरलं होतं. मी हेडफोन लावले. शेवटपर्यंत काढले नाहीत. तिला एकटीला ऐकू येऊ देणार नव्हते मी.

एकोणचाळिसाव्या प्रकरणाचं उरलेलं झालं. चाळिसावं झालं. दुसरा आवाज अर्ध्या शब्दाने पुढे होता, तो हळूहळू एका शब्दाने पुढे गेला. आत्या त्याच्यामागून जात होती. काळोखात पुढच्याचं बोट धरून चालावं तशी. तिला आता खोकला येत नव्हता. ती पाणीसुद्धा पीत नव्हती.

एक्केचाळिसावं प्रकरण सुरू झालं, तेव्हा तो आवाज अख्ख्या वाक्याने पुढे गेला होता. मला आधी वाक्य ऐकू यायचं आणि मग आत्या तेच वाक्य वाचायची. मधेच पान उलटल्याचा आवाज आला. मी सवयीने काचेतून पाहिलं.

आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने पान उलटलंच नव्हतं. मग काही क्षणांनी, जणू आठवल्यासारखं, तिने हात उचलला आणि पान उलटलं.

शेवटच्या पानावर मला दोन आवाजांतला फरक कळेनासा झाला. पुढचा कुठला, मागचा कुठला... दोन होते की एकच उरला होता... आत्याचे ओठ हलत होते, एवढं मी शपथेवर सांगते. त्यातून काय येत होतं ते नाही सांगू शकत. पुस्तकाचं शेवटचं वाक्य संपलं. तिने पुस्तक मिटलं, माझ्याकडे बघून हात हलवला, आणि दिवा बंद केला.

काळोखात हेडफोनमध्ये कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या अगदी कानाशी.

बाहेर आल्यावर तिने बोलायला तोंड उघडलं. आवाज नव्हता. गुरुवार यायच्या आतच गेला होता.

ऑपरेशन नीट झालं. आत्या ठणठणीत आहे. तू पाहिलंस ना तिला, गळ्याला पट्टी, हातात पाटी, आणि पाटीवर जीभ पूर्वीपेक्षा तिखट. आधीच्या प्रकरणांतली भोकं गाळणीआधीच्या रेकॉर्डिंगवरून भरली आणि पुस्तक वाचकांकडे गेलं. मी धास्तावले होते की तक्रारी येतील. एकही आली नाही. एका आजोबांनी मुद्दाम फोन केला, म्हणाले, "दोघींना सांगा, फार सुंदर वाचलंय." मी बरं म्हटलं.

दोन महिन्यांनी आत्याने पाटीवर लिहिलं, 'आता तू वाच.' मी म्हटलं, मेले तरी नाही. तिने पाटी पुसून लिहिलं, 'सोळा जण यादीत आहेत.' सोळा माणसं पुढच्या पुस्तकाची वाट बघत होती आणि दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. मी पोरगी चिडकी असेन, पण पळपुटी नाही.

मात्र मी ठरवलं, जे करायचं ते नीट करायचं, आणि सगळ्यांच्या देखत. नवा नमुना घ्यायचा. गेल्या रविवारी भर दुपारी पडदेकाकांना बोलावून घेतलं. ते आले, टोपी काढून हातात धरली आणि दाराशी उभे राहिले. आतली खोली मी स्वतः तपासली. मी वाचायचं ठरलेलं नवं पुस्तक तिथल्या टेबलावर मिटून ठेवलं. दार लावलं, वर टेप चिकटवली. मी, काका आणि आत्या, तिघं काचेच्या या बाजूला. दहा सेकंद नाही, मी पुरी पाच मिनिटं घेतली. मग हेडफोन लावून ऐकायला लागले.

माझा चेहरा बघून काकांनी विचारलं, "अजून आहे?"

मी हेडफोन त्यांना दिले. त्यांनी थोडं ऐकलं आणि घाईने काढले. आत्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला म्हणाले, "मी घेतला तेव्हा एकच होता."

आता दोन आहेत. एक तो जुना, कोरडा, घासलेला. दुसरा आत्याचा. आजारपणाआधीचा, गोल, स्वच्छ, मला लहानपणी झोपवणारा. आणि ती आत्या माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती, गळ्याला पट्टी, ओठ मिटलेले, पाटीवर काहीतरी खरडत.

काका म्हणाले, "नमुना लाव. एक ओळ लिही, दोन्ही जातील."

मी लावला नाही. बाकी काहीही म्हण, पण आत्याला गाळून टाकायची ओळ माझ्या हातून टाइप होणार नाही. तेव्हा ती ओळ बंद आहे, आणि बंद का आहे ते आता तुला माहीत आहे. पुढे कधी तुझं तुला वाटलं तर...

आणखी एक राहिलं. हे मी काकांना सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही.

आत्याच्या आवाजातले शब्द कळतात. घरी जाऊन मी ती पाच मिनिटं पुन्हा ऐकली, समोर पुस्तकाची दुसरी प्रत ठेवून. माझंच पुस्तक, जे मी उद्या सुरू करणार आहे. पहिल्या पानापासून वाचतायत दोघी. पण दोघी मिळून सगळं वाचत नाहीत. एक वाक्य तो जुना आवाज वाचतो. पुढचं आत्या. मग काहीच नाही, नुसता पंखा. मग पुन्हा जुना आवाज, पुन्हा आत्या, आणि पुन्हा पंखा. मधली ती शांतता दर वेळी सारखी नसते. कधी तीन सेकंद, कधी सात, एकदा तर अकरा.

मी घड्याळ लावलं आणि ती प्रत्येक तिसरी, कुणीच न वाचलेली वाक्यं माझ्या नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचून पाहिली.

सगळी बरोबर बसली.